आधी घर सांगा

आमच्या ह्यांच्या तोंडून आजवर एकाही वस्तूचं नाव सरळ बाहेर पडलेलं नाही. टॉवेल हवा असला तर चारचौघे 'टॉवेल दे' म्हणतात. हे न्हाणीघरातून ओरडतात, "एक-चार-दोन!" म्हणजे पहिलं कपाट, चौथा कप्पा, डावीकडून दुसरी जागा. थंडीने दात वाजत असतील, पण टॉवेल म्हणणार नाहीत. आज सकाळीही तेच झालं. नोकरी संपली, ते यंत्र भंगारात गेलं, केस गेले, दात गेले, पण खोड काही गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ माझ्या घरी राहायला आहे.

ही खोड लावली त्या मेनफ्रेमने. मेनफ्रेम म्हणजे कंपनीतला मोठा कॉम्प्युटर, अख्खं दालन भरेल एवढं यंत्र. आजकालच्या पोरांच्या खिशात मावतं तसलं नव्हे. त्याच्यासाठी थंड हवा, त्याच्यासाठी खाली तारा लपवलेली खोटी जमीन, त्याच्यासाठी चपला बाहेर. देवाचं एवढं केलं असतं तर पुण्य तरी लागलं असतं. त्या यंत्राच्या मेमरीत म्हणे कुठलीच गोष्ट नावाने ठेवत नाहीत, आकड्यांच्या पत्त्याने ठेवतात. ह्यांना ते इतकं आवडलं की एका सुट्टीच्या दिवशी डिंकाची बाटली घेऊन माझ्या घरभर आकडे चिकटवले. मी म्हटलं, "मिठाच्या बरणीला आकडा लावलात तर जेवायला यंत्राकडे जा." म्हणून तेवढं मीठ वाचलं.

आम्ही तेव्हा कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. सगळी घरं एकाच साच्यातली. दाराच्या कड्या त्याच, भिंतीतली कपाटं तीच, नळाची गळतीही तीच. शेजारी ह्यांचेच जोडीदार राहायचे. मी त्यांना भावजी म्हणायची, त्यांच्या बायकोला वहिनी, आणि दोघं मला अक्का म्हणायचे. भावजी गोल गरगरीत, बोलायला गोड, आणि डिंकाच्या बाबतीत ह्यांच्याइतकेच बिनडोक. त्यांनीही आपल्या घरात तसेच आकडे चिकटवले. म्हणजे आमच्याकडे एक-दोन-तीन होतं आणि त्यांच्याकडेही एक-दोन-तीन होतं. फक्त आत काय आहे ते वेगळं.

"यंत्रातही अगदी असंच असतं," हे जेवताना सांगायचे. समोर दोन वाट्या ठेवायचे. "ही वाटी म्हणजे माझ्या प्रोग्रामचं घर, ही भावजींच्या प्रोग्रामचं. दोन्हीकडे आकडे शून्यापासूनच सुरू. पण माझ्या प्रोग्रामला आपल्या भिंतीपलीकडचं दिसत नाही. त्याच्या लेखी जगात एकच घर."

"म्हणजे शेजारी काय शिजतंय ते कळतच नाही?"

"अजिबात नाही."

"मग तुमचं यंत्र आपल्या क्वार्टर्समध्ये एक दिवस टिकायचं नाही."

हसले नाहीत. यंत्राच्या बाबतीत ह्यांना विनोद चालत नसे.

मग एकदा वरून नवी सोय आली. आता एका प्रोग्रामला आपल्या जागेवर बसल्या बसल्या दुसऱ्याच्या मेमरीतली वस्तू उचलता येणार होती. त्याआधी भावजींच्या प्रोग्रामने टेपवर लिहायचं, ती टेप काढायची, चढवायची, मग ह्यांच्या प्रोग्रामने वाचायचं, असा सगळा द्राविडी प्राणायाम. आता थेट. पण दोन अटी. एक, यंत्राच्या कारभाऱ्याची परवानगी हवी. आणि दुसरी, प्रत्येक पत्त्याशेजारी एक छोटा खण असतो, त्यात कुठलं घर ते सांगायचं.

"आणि सांगायचं राहिलं तर?" मी विचारलं.

"खण रिकामा राहिला, तर यंत्र समजतं, आपलंच घर," हे म्हणाले. वर वाटीवर चमचा वाजवून म्हणाले, "नुसता पत्ता बरोबर असून भागत नाही. आधी घर सांगावं लागतं!"

हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हटलं असतं.

आता ह्यात गंमत करण्यासारखं काही नव्हतं. कारण मुख्य कचेरीतून मोठे साहेब ही सोय बघायला येणार होते. जमलं, तर दोघं इथेच एका दालनात राहणार. नाही जमलं, तर दोन कामं दोन ठिकाणी वाटणार आणि भावजींची बदली दूरच्या केंद्रावर. वहिनींनी तर आधीच भांडी मोजून गुंडाळायला घेतली होती, आणि एकेक गुंडाळताना डोळे पुसत होत्या. मी वरवर म्हणत होते, "जा हो, मलाही जरा शांतता." पण ज्या भिंतीवर थाप मारली की पलीकडून "काय हो अक्का?" असं येतं, ती भिंत एकदा मुकी झाली की घर खायला उठतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आताही सांगायची गरज नव्हती, पण कळावं म्हणून लिहिलं.

साहेब पक्के संशयी. त्यांनी आधीच कळवलं होतं, "तुमच्या जोडीदाराने आपल्या प्रोग्रामच्या घरात एक मजकूर ठेवायचा, कोणालाही न सांगता. तुमच्या प्रोग्रामने तो तिथून उचलून कागदावर छापायचा. तुम्हाला मजकूर माहीत असेल तर मी ते खरं धरणार नाही."

त्या दिवशी सकाळी हे इतके नटूनथटून गेले की जी गोष्ट न्यायची तीच घरी राहिली. प्रोग्राम तेव्हा जाड कागदाच्या भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. कार्डांची एक गड्डी, तिला रबर, आणि वरच्या कडेवर तिरकी शाईची रेघ, म्हणजे गड्डी हातातून पडली तरी रेघ जुळवून लावता येते. दालनात कोणी हात लावील म्हणून हे ती गड्डी पेटीत घालून घरी आणायचे आणि एक-दोन-तीनमध्ये ठेवायचे. मला मात्र त्या कपाटाकडे फडकं घेऊन जायची बंदी.

दालनात साहेब येऊन बसल्यावर ह्यांना आठवण झाली. क्वार्टर्समध्ये फोन एकच, भावजींच्या घरी. ह्यांनी फोन लावला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वहिनींनी उचलला.

"वहिनी, शिपाई पाठवलाय. एक-दोन-तीनमधली पेटी ताबडतोब द्या त्याच्याकडे!"

"एक-दोन-तीनमधली? अहो, पण ती..."

"काही विचारू नका, साहेब समोर बसलेत!" आणि फोन ठेवला.

आता वहिनी बिचाऱ्या साध्या. फोन त्यांच्या घरी आला, पत्ता सांगितला, घर सांगितलं नाही. त्यांनी आपलंच एक-दोन-तीन उघडलं. तिथेही पेटी होती, अगदी तशीच, आत कार्डांची गड्डी, रबर, तिरकी रेघ. शिपाई सायकल घेऊन दारात उभाच. दिली.

मी बादली घेऊन खाली उतरले, तर वहिनी दारात हात चोळत उभ्या.

"अक्का, तुमच्या ह्यांनी आमची ती पेटी मागवून नेली हो."

"कुठली पेटी?"

वहिनींचा चेहरा लाल झाला. "ती... भाजीची."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी भावजींनी पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, भाजी खारट झाली. वहिनींनी अबोला धरला. समजावून झालं, विनवून झालं, वहिनी बोलेनात. शेवटी ह्या गृहस्थाने काय करावं? त्या भल्याथोरल्या यंत्रावर एक प्रोग्राम लिहिला आणि हातभर उंचीच्या अक्षरांत माफी छापून घरी आणली. कागद जुना होऊन फाटला. कार्डं वहिनींनी जपून ठेवली होती.

"आणि तीच गेली?"

"तीच गेली."

मी धावत घरात गेले. आमच्या एक-दोन-तीनमध्ये ह्यांची पेटी आपली स्वस्थ बसली होती, माहेरी आलेल्या लेकीसारखी.

"चला वहिनी!" मी पेटी पिशवीत टाकली. ओल्या हातांनी, घरच्या चपलांनी निघालो. दालन कुंपणाच्या पलीकडेच होतं, पण त्या दिवशी रस्ता संपेना. वहिनी वाटेत एकच म्हणत होत्या, "वाचलं कोणी तर मी तोंड कुठे लपवू?" मी म्हटलं, "तोंड त्यांनी लपवायचं, भाजीला त्यांनी नावं ठेवली."

दालनाला मोठी काच होती. आम्ही बायका एरवी त्या काचेबाहेरूनच बघायचो. आतून सतत एक घरघर यायची आणि दार उघडलं की थंड हवेचा झोत अंगावर. त्या दिवशी दार किलकिलं होतं. आत हे साहेबांना वाटीचमच्याशिवाय तेच घरांचं पुराण सांगत होते. तोंडाची टकळी चालू, हात हवेत. शिपायाने दिलेली पेटी ऑपरेटरच्या हातात होती, त्याने रबर काढलं आणि कार्डं सरळ यंत्राच्या तोंडात घातली. ह्यांनी गड्डीकडे बघितलंसुद्धा नाही. मी काचेवर टकटक केली. आतल्या घरघरीत कोणाला ऐकू जातंय!

छापखान्यासारखं ते छापायचं यंत्र धडधडायला लागलं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद वर सरकला. त्या यंत्राला अक्षरं इंग्रजीच यायची, पण भाषा आपलीच. एका पानावर एकच शब्द, पानभर मोठा.

साहेबांनी चष्मा सरसावला. "भा-जी. भाजी?"

हे म्हणाले, "अं?"

दुसरं पान वर आलं. "खारट," साहेबांनी वाचलं.

कोपऱ्यात भावजी उभे होते. त्यांनी पहिलं पान बघितलं तेव्हाच भिंत धरली होती. आता डोळे मिटले.

"नव्हती," साहेबांनी वाचलं. "भाजी खारट नव्हती. हे काय आहे?"

"साहेब, मला... मला हे काही..." ह्यांचा आ वासलेला. आयुष्यात मी ह्यांना इतकं गप्प पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांचं पारणं फिटलं.

यंत्राला कोणाची दयामाया नसते. ते पुढे छापतच होतं. माझीच. जीभ. खारट. बोल. ना. आणि शेवटच्या पानावर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: तुझा बोका.

वहिनींनी माझ्या दंडात नखं रुतवली.

"बोका कोण?" साहेबांनी विचारलं.

मग भावजींनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "मी, साहेब."

साहेबांनी भावजींकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचं तोंड अजून उघडंच. आणि साहेब खुर्चीतून उठले.

"वा!" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, आधी आपसांत ठरवून 'स्वागत असो' वगैरे काहीतरी छापून दाखवाल. पण हा मजकूर कोणी आपणहून जोडीदाराला सांगेल? आणि ह्यांचं तोंड बघा! ह्यांना स्वप्नातही माहीत नव्हतं. म्हणजे खरोखरच दुसऱ्याच्या घरातून आलंय हे. जमलं!"

"साहेब, एक मिनिट," हे म्हणाले. माणूस प्रामाणिक, तोच तर त्रास. "हे जे आलंय ते माझ्या प्रोग्रामने नाही..."

भावजींनी ह्यांच्या पायावर पाय दिला. भावजींचं वजन मी सांगितलंच आहे. ह्यांचं पुढचं वाक्य "आई गं" असं संपलं.

"विनय पुरे!" साहेब म्हणाले. "दोघं इथेच राहा. अशी जोडी फोडायची नसते." आणि दाराकडे वळले तर दारात आम्ही. एकीच्या खांद्याला पिशवी, दुसरीच्या डोळ्यांत पाणी.

साहेबांनी वहिनींना नमस्कार केला. "भाजी ह्यांचीच का?"

वहिनींनी मान खाली घातली. मी मात्र म्हटलं, "हो, आणि खारट नव्हतीच. मी चाखली होती." खरं तर त्या वर्षी मी त्या गावातही नव्हते. पण शेजारधर्म म्हणून काही असतो.

साहेब गेल्यावर ह्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "मी पत्ता अगदी बरोबर सांगितला होता!"

"आणि घर?"

हे शर्टाची बाही नीट करायला लागले.

"खण रिकामा राहिला की यंत्र काय समजतं हो?" मी विचारलं. "वहिनी तेच समजल्या. आपलंच घर."

पण ह्यांच्या जिवाला चैन पडेना. साहेबांना खोटं कळवलं हे त्यांना डाचत होतं. मी आणलेली खरी गड्डी तिथल्या तिथे यंत्रात घातली. "आता बघ खरं काम." आम्ही सगळे कागदाकडे बघत उभे राहिलो. धडधड झाली. कागद वर आला. त्यावर ह्यांच्याच प्रोग्रामचं नाव. खाली पुन्हा तेच नाव. त्याखाली पुन्हा तेच.

"हे तुमच्याच घरातलं आहे," भावजी हळूच म्हणाले.

ह्यांनी कार्डं पुढ्यात पसरली, एकेक उजेडात धरून भोकं वाचली. मग एका कार्डावर बोट ठेवून तसेच बसून राहिले. पत्ता बरोबर होता. शेजारचा खण रिकामा. ज्या माणसाने माझ्या जेवणात महिनोन्महिने 'आधी घर सांगा' कालवलं, तो स्वतःच घर सांगायला विसरला होता. आणि फोनवर नव्हे, मुळातच. म्हणजे शिपायाने बरोबर पेटी नेली असती, तर साहेबांसमोर ह्यांच्याच नावाची पाटी छापून निघाली असती आणि भावजींचा टेम्पो दारात लागला असता.

"म्हणजे माझ्या भाजीने वाचवलं?" वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या अबोल्याने," मी म्हटलं.

एक कार्ड नवी भोकं पाडून बदललं, आणि मग खरंच भावजींचा मजकूर ह्यांच्या कागदावर उतरला. 'साहेबांचे स्वागत असो.' साहेबांचा अंदाज अगदी खरा होता. ह्यांनी तो कागद मुख्य कचेरीला धाडून दिला, सगळं खरं खरं सांगून. साहेबांचा निरोप आला: काम पाहिलं, समाधान झालं, पण आधीचा मजकूर जास्त चांगला होता.

मग आमची वर्षं त्या भिंतीच्या दोन बाजूंना गेली. थाप मारली की "काय हो अक्का?" यायचं. पोरं त्या हिरव्या-पांढऱ्या कागदांच्या पाठीवर चित्रं काढत मोठी झाली, कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्यांच्या माळा करून घरभर लावत. वहिनी जुन्या कार्डांवर विणकामाचे टाके लिहून ठेवत. आणि एक दिवस त्या यंत्राचे तुकडे करून ट्रकमध्ये भरले. त्याचं काम आता एक पेटीएवढं यंत्र करणार होतं. हे आणि भावजी फाटकाशी उभे राहिले, हात मागे बांधून, जवळचं कोणी जावं तसे. मी चहा नेला तर दोघांनी घेतला नाही. दालनाचं दार उघडं होतं. आतून थंड हवेचा झोत आला नाही, तेव्हा मलाही कसंतरीच झालं. एवढी जागा खाल्ली, एवढी माणसं राबवली, पण जाताना घरचंच कोणी गेल्यासारखं वाटायला लावलं मेल्याने.

नोकरी संपल्यावर क्वार्टर्स सोडाव्या लागल्या. दोघांनी घरं घेतली ती भिंतीला भिंत लावून. आणि हो, डिंकाची बाटली नव्या घरातही आली.

तर आज सकाळी टॉवेलचं झालं, आणि मग चष्मा हरवला. हे आपल्या घरात शोधतील तर शपथ. तडक शेजारी. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"ऐका हो, माझा चष्मा तुमच्या एक-दोन-तीनमध्ये राहिलाय बहुतेक."

"अहो, इथे तर माझी कवळी आहे."

"मग दोन-दोन-तीन बघा!"

कपाटं उघडल्याचे आवाज आले. वहिनींचा "अहो, ती बरणी सांभाळा!" असा आवाज आला. नंतर ती बरणी फुटल्याचाही आवाज आला. मी हातातलं काम ठेवलं आणि आमचं पहिलं कपाट उघडलं. एक-दोन-तीनवर चष्मा बसला होता, घड्या घालून, जिथे ह्यांनीच काल ठेवला होता तिथे.

मी चष्मा घेऊन शेजारी गेले. हे आणि वहिनी जमिनीवर काचा वेचत होते. भावजी, म्हणजे वहिनींचा बोका, आता पार म्हातारा झालाय, त्याला खाली वाकता येत नाही. तो खुर्चीवर बसून कुठली काच राहिली ते दाखवत होता. मी चष्मा ह्यांच्या नाकावर चढवला आणि म्हटलं,

"अहो, त्या यंत्राला दुसऱ्याच्या घरात बघायला शिकवण्यात तुमचा जन्म गेला. आता स्वतःच्या घरात बघायला तुम्हाला कोणी शिकवायचं?"